साक्षीसमन्स

साक्षीसमन्स म्हणजे एखाद्या खटल्यात वा दाव्यात साक्ष देण्यासाठी, किंवा एखादा दस्तऐवज हजर करण्यासाठी, न्यायालयाने व्यक्तीस दिलेला लेखी आदेश होय. समन्स मिळणे म्हणजे आरोपी ठरणे नव्हे. साक्षीदार हा न्यायालयाला तथ्य समजून घेण्यास साहाय्य करणारा असतो. त्यामुळे कायद्याने त्याच्यावर हजर राहण्याचे बंधन घातले आहे आणि त्याचबरोबर त्याला काही संरक्षणेही दिली आहेत.

कायदेशीर आधार

१ जुलै २०२४ पासून भारतात फौजदारी खटल्यांतील समन्सची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये आहे. साक्षीपुराव्याचे नियम भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये आहेत. दिवाणी दाव्यांना दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १६ लागू होतो.

पोलिसांची नोटीस आणि न्यायालयाचे समन्स या भिन्न गोष्टी आहेत. तपासादरम्यान पोलीस जबाब नोंदवतात. त्यावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. हा जबाब म्हणजे साक्ष नव्हे. न्यायालयात शपथेवर सांगितले जाते तीच साक्ष होय.

समन्सची बजावणी

समन्सवर न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक, तारीख व वेळ नमूद असते, तसेच न्यायालयाचा शिक्का असतो. फौजदारी समन्स सामान्यतः पोलिसांमार्फत, तर दिवाणी समन्स बेलिफामार्फत बजावले जाते. फौजदारी प्रकरणात साक्षीदारास नोंदणीकृत टपालाने वा इलेक्ट्रॉनिक माध्यमानेही समन्स पाठवता येते. व्यक्ती घरी न सापडल्यास कुटुंबातील प्रौढ सदस्याकडे प्रत देता येते. पूर्वीच्या कायद्यात हा सदस्य पुरुषच असावा लागे. नव्या संहितेत ती अट नाही.

वरवंड परिसरातील उदाहरण

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील वरवंड हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर आहे. अशा गावातील रहिवासी अपघाताचा प्रत्यक्षदर्शी म्हणून किंवा पंचनाम्यावर सही केलेला पंच म्हणून साक्षीदार होऊ शकतो. खटला दौंड येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालेल की सत्र न्यायालयात, हे गुन्ह्याच्या स्वरूपावर अवलंबून असते. म्हणून समन्सवरील न्यायालयाचे नाव व ठिकाण प्रथम वाचावे लागते.

अपघातग्रस्तास मदत करणाऱ्या व्यक्तीस मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. केवळ जखमीला रुग्णालयात नेले म्हणून साक्षीदार होण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत.

साक्षीचा क्रम

नावाचा पुकारा झाल्यावर साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि शपथ घेतो. ईश्वरसाक्ष शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञाही करता येते. त्यानंतर तीन टप्पे असतात :

१. सरतपासणी – ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला, त्याचा वकील प्रश्न विचारतो. फौजदारी खटल्यात हे काम बहुधा सरकारी वकील करतात.
२. उलटतपासणी – विरुद्ध पक्षाचा वकील साक्षीची विश्वसनीयता तपासतो. यात सूचक प्रश्न विचारता येतात.
३. फेरतपासणी – उलटतपासणीतून निघालेल्या मुद्द्यांचे स्पष्टीकरण घेतले जाते.

साक्षीदाराने स्वतः पाहिलेले वा ऐकलेले तेवढेच सांगावयाचे असते. आठवत नसल्यास ‘आठवत नाही’ आणि प्रश्न न समजल्यास ‘समजला नाही’ असे सांगता येते. महाराष्ट्रात तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळे साक्ष मराठीतून देता येते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दूरदृश्य प्रणालीद्वारे साक्ष नोंदवणे ग्राह्य ठरवले.

गैरहजेरी व खोटी साक्ष

समन्स मिळूनही योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास न्यायालय वॉरंट काढू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८९ नुसार संक्षिप्त पद्धतीने ५०० रुपयांपर्यंत दंडही करता येतो. न्यायालयात हजर राहण्याचा आदेश हेतुतः मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आजारपण वा अन्य खरी अडचण असल्यास तारखेपूर्वी न्यायालयाला पुराव्यासह कळवणे हा योग्य मार्ग आहे. न्यायालयीन कामकाजात हेतुपुरस्सर खोटी साक्ष देण्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

साक्षीदाराचे हक्क व संरक्षण

राज्य शासनाच्या नियमांनुसार फौजदारी न्यायालय साक्षीदारास वाजवी खर्च देण्याचा आदेश करू शकते. दिवाणी दाव्यात साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाला प्रवास व अन्य खर्चाची रक्कम न्यायालयात जमा करावी लागते. न्यायालयाकडे जाणाऱ्या साक्षीदारावर पोलिसांसोबत जाण्याची सक्ती करता येत नाही. हजर असलेल्या साक्षीदाराची तपासणी न करता तहकुबी द्यावयाची असल्यास विशेष कारणे नोंदवावी लागतात.

तरीही वारंवार मिळणाऱ्या तारखा, बुडणारी मजुरी आणि गावातील दबाव यांमुळे साक्षीदार मागे हटतात. आपला पूर्वीचा जबाब नाकारणाऱ्यास व्यवहारात ‘फितूर साक्षीदार’ म्हणतात. बेस्ट बेकरी प्रकरणात साक्षीदार फितूर झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला आणि तो मुंबईत चालला. पुढे महेंद्र चावला विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अशी योजना करणे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार राज्यांवर बंधनकारक आहे. खोटी साक्ष देण्यासाठी साक्षीदारास धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अशी धमकी आल्यास ती पोलिसांना व न्यायालयाला कळवता येते.