यशवंतपूर आले, आता उतरायचे!

मुलाला किंवा मुलीला बंगळूरला नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात. पाच-सहा महिन्यांनी फोन येतो, "आई, तू ये ना चार दिवस." मग खरा प्रश्न उभा राहतो. बाबांना रजा नाही, धाकट्याची परीक्षा तोंडावर आलेली आणि मुलाला न्यायला येणे शक्य नाही. जिने आजवर माहेर आणि सासर याखेरीज एकटीने कुठलाच प्रवास केलेला नाही, तिने परक्या भाषेच्या शहरात जायचे कसे? बऱ्याच घरांत बेत इथेच बारगळतो. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता वर्षे निघून जातात.

वास्तविक हा प्रवास पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. एकेकाळी मिरजेच्या पुढे मीटरगेज होते. मुंबई-पुण्याहून निघालेल्या प्रवाशाला सामानसुमान घेऊन मिरजेला गाडी बदलावी लागे. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती दगदग संपली. आज आपण महाराष्ट्रात गाडीत बसलो की थेट बंगळूरलाच उतरतो. हवी असते ती थोडी माहिती आणि थोडा धीर.

तिकिटावरचे नाव नीट वाचा

बंगळूरला एकच स्टेशन आहे, अशी अनेकांची समजूत असते आणि पहिला घोटाळा येथेच होतो. शहराच्या मध्यभागी मॅजेस्टिकजवळ मुख्य स्थानक आहे. पूर्वीचे हे बंगळूर सिटी आता क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. वायव्येला तुमकूर रस्त्यालगत यशवंतपूर आहे. पूर्वेला बैयप्पनहळ्ळीजवळ सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल आहे, ते २०२२ मध्ये सुरू झाले. कँटोन्मेंट आणि कृष्णराजपुरम् ही आणखी दोन. मुलगा एका स्टेशनवर उभा आणि आई दुसऱ्याच स्टेशनवर, अशी वेळ येऊ नये म्हणून तिकीट हातात येताच उतरण्याचे स्थानक पाहा. यशवंतपूरची खूण 'वायपीआर' ही तीन अक्षरे, तर मुख्य स्थानकाची 'एसबीसी'. हे नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पर्समध्ये ठेवा.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या गाड्यांचे दोन प्रमुख मार्ग आहेत. एक मिरज, बेळगाव, हुबळी, तुमकूरवरून आणि दुसरा सोलापूर, गुंतकल, धर्मावरमवरून. आपली गाडी कोणत्या मार्गाची आणि ती यशवंतपूरला थांबते का, हे तिकीट काढतानाच विचारा. गाडी यशवंतपूरलाच संपत असेल तर पहिल्या प्रवासाला तीच उत्तम, कारण स्टेशन चुकण्याची भीतीच नाही.

आरक्षण पक्के असू द्या

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. सणासुदीला जायचे असेल तर ही तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. ऐनवेळी तात्काळचा मार्ग आहे. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता ते आरक्षण उघडते. पण ती धावपळ पहिल्या प्रवासाला नकोच.

प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर 'आत गेल्यावर बघू' असे कोणी सांगितले तरी ऐकू नका. अशा तिकिटावर आरक्षित डब्यातून प्रवास करता येत नाही. 'आरएसी' असेल तर गाडीत बसता येते. मात्र बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी मिळून बसायचे असते. ४५ वर्षांवरील महिला आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना, उपलब्ध असल्यास, खालचा बर्थ देण्याची सोय आहे. म्हणून अर्जावर वय बिनचूक लिहा. वय लपवण्याची ही जागा नव्हे! ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली, तेव्हा पैशांचा हिशेब पूर्ण भाड्याचाच करा. नातवंड सोबत असेल तर ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे पडते. आधारकार्ड किंवा दुसरे मूळ ओळखपत्र जवळ हवेच.

सामान बेताचेच

लेकाकडे जायचे म्हटल्यावर लोणच्याची बरणी, भाजणी, कुळथाचे पीठ, चकल्यांचा डबा असे करता करता चार पिशव्या होतात. स्लीपरला ४० किलो सामान नेता येते हे खरे, पण ते उचलणार कोण? आपल्याला स्वतःला उचलून दहा पायऱ्या चढता येईल, एवढेच सामान घ्या. पिशव्या मोजून आकडा लक्षात ठेवा. पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवा. रोजची औषधे, चष्मा आणि फोन हे अंगाजवळच्या पिशवीतच हवे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. पहाटे तिथे गारवा असतो, म्हणून एक शाल किंवा स्वेटर वरच ठेवा.

जेवणासाठी दशम्या, कोरडी चटणी किंवा मेथीचे ठेपले यांना तोड नाही. पाणी भरपूर घ्या. अनोळखी माणसाने कितीही आग्रह केला तरी त्याच्याकडचे खाणेपिणे घेऊ नका. "माझा उपास आहे" एवढे हसून सांगितले की कोणाचे मनही दुखावत नाही.

गाडीत बसल्यावर

मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच झोपण्यासाठी उघडायचा असा नियम आहे. त्यामुळे संध्याकाळी सातलाच कोणी बर्थ उघडू लागले तर आपण नम्रपणे नाही म्हणू शकता. डब्यातले चार्जिंग रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवले जाते, म्हणून फोन संध्याकाळीच पूर्ण चार्ज करून घ्या. तब्येत बिघडली, सामान चोरीला गेले किंवा कोणी त्रास देऊ लागले तर १३९ या क्रमांकावर फोन करा. डब्यातील तिकीट तपासनीसांनाही न घाबरता सांगा. प्रवाशाची अडचण ऐकणे हे त्यांचे कामच आहे.

उतरण्याची तयारी

हुबळीकडून येणाऱ्या गाडीत तुमकूर गेले की सामान आवरायला घ्यावे, तेथून यशवंतपूर साधारण तासाभरावर आहे. धर्मावरमकडून येत असाल तर हिंदूपूरनंतर जागे राहा आणि येलहंका आले की चपला घाला. गाडी उशिरा धावत असेल तर घड्याळावर विसंबू नका, स्टेशनांच्या पाट्या वाचा. नावे कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत असतात.

एवढे करूनही स्टेशन हुकलेच तर? चालत्या गाडीतून उतरण्याचा प्रयत्न चुकूनही करू नका. हुकलेले स्टेशन पुन्हा गाठता येते, मोडलेला पाय सहजासहजी जुळून येत नाही. गाडी पुढे मुख्य स्थानकाला जाणार असेल तर शांतपणे तिथे उतरा. ते यशवंतपूरपासून पाच-सहा किलोमीटरवरच आहे. तिथून मॅजेस्टिक मेट्रो स्थानकावर जाऊन हिरव्या मार्गाची गाडी धरली की पंधरा-वीस मिनिटांत यशवंतपूर येते.

स्टेशनबाहेर

कोणी न्यायला येणार असेल तर फलाटावर, आपल्या डब्याच्या समोरच थांबा. "बाहेर ये, मी इथेच आहे" या एका वाक्याने अर्धा तास चुकामूक होते. कोणी येणार नसेल तर तुमकूर रस्त्यावरचे मेट्रो स्थानक जवळच आहे. ते मार्च २०१४ पासून सुरू आहे. रिक्षा करायची झाली तर भाडे आधी ठरवा आणि रिक्षाचा क्रमांक घरी कळवा. कर्नाटकात २०२३ पासून सरकारी बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे. पण तो तिथल्या रहिवासी महिलांसाठी. आपण मात्र तिकीट काढायचे.

भाषेचा बाऊ करू नका. हिंदीवर बरेच निभावते आणि चार कानडी शब्द बोललात तर समोरचा माणूस खुलतो. 'एष्टु' म्हणजे किती, 'एल्लि' म्हणजे कुठे, 'बेकु' म्हणजे हवे, 'बेड' म्हणजे नको, 'नीरु' म्हणजे पाणी आणि 'ऊट' म्हणजे जेवण. अक्का आणि अण्णा तर आपल्याही ओळखीचेच!

घरच्यांनो, तुमच्यासाठीही

प्रवास एकटीचा असला तरी जबाबदारी सर्वांची आहे. मुलाचा पत्ता, दोन फोन क्रमांक आणि उतरण्याचे स्टेशन हे सारे कागदावर लिहून द्या. फोनची बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो. दर अर्ध्या तासाला फोन करून तिचा जीव टांगणीला लावू नका. तीन वेळा ठरवून घ्या: गाडीत बसल्यावर, झोपण्याआधी आणि उतरल्यावर. "तुला जमेल का?" हा प्रश्न तर विचारूच नका. जिने तुमच्या शाळा, दवाखाने आणि लग्नकार्ये निभावली, तिला एक गाडी निश्चितच जमेल. तिथे पोहोचल्यावर तिच्या हातून काही राहिले, एखादी पिशवी विसरली, तर चारचौघांत हसू नका. पहिल्या प्रवासातले असे एक हसणे पुढचे दहा प्रवास थांबवते.

आणि हो, परतीच्या तिकिटाचा अर्ज तिलाच भरू द्या. मुलाने शेजारी बसावे, पण गाडी, तारीख आणि बर्थ तिने निवडावा.