खंदकाच्या आतली माणसे

किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. नगरच्या भुईकोटाला ती ऐट नाही. सपाट जमिनीवर, भोवती रुंद खंदक घेऊन तो बसला आहे. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असून किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. परवानगीचे सोपस्कार आटोपून मी आत गेलो, तो बुरूज मोजायला नव्हे. १९४२ साली काँग्रेसची कार्यकारिणी ज्या खोल्यांत कोंडली होती, त्या मला पाहायच्या होत्या.

मूळचा मातीचा कोट काढून हुसेन निजामशहाने १५५९च्या सुमारास येथे दगडी तट उभारला. तट मजबूत खराच. पण या किल्ल्याचा इतिहास वाचला म्हणजे वाटते की, किल्ला टिकतो किंवा पडतो तो आतल्या माणसांमुळे. १५९५च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद चालून आला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले, तेव्हा चांदबिबी स्वतः तेथे उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढली. मोगलांना वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला राहिला. पुढे १६०० साली दुसरा वेढा पडला. राणी शत्रूला सामील झाली, असा बोभाटा उठला आणि तिच्याच माणसांनी तिचा जीव घेतला. मग किल्ला पडायला वेळ लागला नाही. १८०३च्या ऑगस्टात वेलस्लीच्या तोफा सुरू झाल्या, तेव्हा शिंद्यांच्या किल्लेदाराने थोड्याच दिवसांत अटी ठरवून किल्ला हवाली केला.

तोच कोट इंग्रजांनी १९४२ साली तुरुंग म्हणून वापरला. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. खास आगगाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि बाकीच्यांना नगरला. मौलाना आझाद, नेहरू, सरदार पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, आपले शंकरराव देव, असे एकूण बाराजण येथे होते. पहिले काही आठवडे वर्तमानपत्रसुद्धा मिळाले नाही.

एवढ्या मोठ्या माणसांनी रिकामा वेळ कसा घालवला असेल? नेहरूंनी बागेसाठी कुदळ हातात घेतली. खणताना जुन्या भिंती लागल्या आणि एका भिंतीवर कोरलेले कमळ सापडले. मग जमीन खणण्याऐवजी त्यांनी भूतकाळ खणायला घेतला. १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले आणि ते आपल्या सहबंद्यांना अर्पण केले. पट्टाभींनी रोजनिशी लिहिली. मौलाना पहाटे उठून स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करीत आणि एका स्नेह्याला पत्रे लिहीत बसत. त्यांत चहावर लिहिले, खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांवरही लिहिले. पत्रे टपालात पडायची नव्हतीच. पुढे १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली.

या पत्रांत ११ एप्रिल १९४३चे एक पत्र आहे. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. ऑगस्टात घर सोडताना त्या दारापर्यंत आल्या होत्या आणि ‘खुदा हाफिज’ एवढेच बोलल्या होत्या. आजार वाढल्याची तार आली. सरकारला काही लिहायचे असेल तर ताबडतोब पोचवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सांगितले. नेहरूंनीही विषय काढून पाहिला. मौलानांनी अर्ज केला नाही. रोज वर्तमानपत्र यायच्या वेळी छातीत धडधडे, पण चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ते मुद्दाम संथपणे बसून राहत, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ९ एप्रिलला बेगम गेल्या. अंगणापलीकडे कोणाची तरी एक जुनी कबर होती. इतके दिवस नुसती दिसणारी ती कबर त्या संध्याकाळी मौलाना फार वेळ पाहत राहिले.

त्यांचे बरोबर होते का? आपल्या घरातल्या कोणी असे केले असते, तर आपण त्याला पाषाणहृदयी म्हटले असते. मीही पुष्कळ विचार केला. ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. बाहेर हजारो सत्याग्रही तुरुंगात होते आणि त्यांच्याही घरी आजारी माणसे होती. अध्यक्षाने स्वतःसाठी सवलत मागितली असती, तर ती सर्वांच्या वतीने मागितल्यासारखी झाली असती. या नकाराची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. कलकत्त्याच्या त्या घरात वाट पाहणाऱ्या बेगमेनेही ती मोजली, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

१९४५च्या वसंतात बंद्यांना निरनिराळ्या तुरुंगांत हलवले. जूनमध्ये मौलाना सुटून कलकत्त्याला पोचले, तेव्हा स्टेशनावर अलोट गर्दी होती. हारांनी मोटार भरून गेली. घरी जाण्याआधी त्यांनी मोटार कबरस्तानाकडे वळवायला सांगितली आणि त्या हारांतला एक उचलून पत्नीच्या कबरीवर ठेवला.