दडलेली अक्कलदाढ

मनुष्याला अक्कल आली की तोंडात तिची खूण म्हणून एक दाढ उगवते, असा आपल्याकडील जुना समज आहे. हैदराबादेतील मराठी माणसाला हे नाव शेजाऱ्यांच्या तोंडीही ऐकू येते. उर्दूभाषी तिला 'अक्ल दाढ' म्हणतात, तर तेलुगू बांधव 'ज्ञानदंतम्'. अकलेशी तिचा संबंध एवढाच की, ती बहुधा १७ ते २५ या वयात, सर्व दातांच्या शेवटी येते.

पंगतीला उशिरा आलेल्यास जागा मिळू नये, तसे पुष्कळदा तिचे होते. खालचा जबडा अपुरा पडला म्हणजे ती हाडातच अडकते. कधी पुढच्या दाढेकडे कलते, कधी पार आडवी होते. अर्धवट वर आली, तर हिरडीच्या झाकणाखाली अन्नकण साचतात, हिरडी सुजते आणि तोंड उघडेनासे होते.

हे सारे वरून कसे दिसावे? रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ च्या नोव्हेंबरात. १८९६ च्या आरंभीच जर्मनीतील ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे क्ष-किरणचित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. आज संपूर्ण जबड्याचे चित्र, ज्याला दवाखान्यात 'ओपीजी' म्हणतात, काही सेकंदांत निघते.

त्या चित्रात वैद्य प्रथम दाढेचा कल पाहतो. मग पुढच्या दाढेला मागील बाजूने कीड लागली आहे काय, हे पाहतो. कारण अडकलेल्या दाढेपायी कधीकधी तिची निरोगी शेजारीणच गमवावी लागते, आणि तीही फारशी न दुखता. दाढेभोवती काळसर वर्तुळ दिसले, तर तेथे द्रवाने भरलेली गाठ असू शकते. शेवटी तो मुळांखालून जाणारी मज्जातंतूची नळी पाहतो. मुळे तिला भिडलेली असल्यास दाढ काढताना तंतू दुखावून ओठ व हनुवटी बधिर होण्याचा धोका असतो.

म्हणून दाढ दुखत नाही एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही. आणि अडकली आहे एवढ्यावरून ती काढलीच पाहिजे असेही नाही. ब्रिटनमध्ये तर २००० सालापासून विकार नसलेली अडकलेली दाढ काढू नये, असेच मार्गदर्शन आहे. निर्णय तपासणी आणि चित्र, दोन्ही पाहून व्हावा.

घरी कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. मात्र हिरडीवर वेदनाशामक गोळी ठेवू नये, तिने हिरडी भाजते. सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळण्यास वा श्वासास त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. एरव्ही दंतवैद्याकडे वेळीच जावे. हैदराबादेत अफझलगंज येथे १९५९ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. अक्कलदाढेच्या बाबतीत खरी अक्कल हीच की, दुखणे वाढण्याची वाट पाहू नये.