पीपीएफ की सिरॅमिक कोटिंग? पैसे देण्याआधी फरक समजून घ्या

नवीन गाडी घेताना "सिरॅमिक करून घ्या, स्क्रॅच पडणारच नाही" असं कुणी ना कुणी सांगतंच. पण सिरॅमिक आणि पीपीएफ यांची कामं वेगवेगळी आहेत. मोबाइलचं उदाहरण घेतलं की हे पटकन कळेल.

गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. ओरखडे आधी यालाच पडतात.

पीपीएफ म्हणजे काय?
पेंट प्रोटेक्शन फिल्म हा गाडीचा स्क्रीन गार्ड समजा. टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची ही फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. हायवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याचा मार ती स्वतः सोसते. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरूनही येतात.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे काय?
स्क्रीनवर बोटांचे डाग टिकू नयेत म्हणून कंपनी एक अदृश्य लेप देते ना, तसंच हे. सिलिकावर आधारित द्रव रंगावर लावतात. सुकल्यावर उरणारा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. त्यामुळे पाणी थेंब होऊन घसरतं, चिखल लवकर निघतो, चमक टिकते. पण खडा लागला तर रंग उडणारच. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही पडू शकतात.

मग '९एच' काय?
हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे. ९एच पेन्सिलने ओरखडा पडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. किल्लीने कुणी रेघ मारली तर तो उपयोगी नाही.

तुम्ही काय घ्यावं?
हायवेवर रोजचा प्रवास असेल तर बॉनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढ्यालाच पीपीएफ लावा. पूर्ण गाडीपेक्षा खर्च बराच कमी येतो. गाडी शहरातच फिरत असेल आणि धुणं सोपं हवं असेल तर सिरॅमिक पुरे. फिल्मवरही सिरॅमिक लावता येतं.

पैसे देण्याआधी फिल्म टीपीयूची आहे की पीव्हीसीची, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. स्वस्त पीव्हीसी उन्हात लवकर पिवळी पडते. वॉरंटीत नेमकं काय येतं, तेही वाचा.