पेशीच्या दारात ओळख कुणाची?

औषध रक्तात मिसळले की काम झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण कित्येक रोगांचा खरा कारभार चालतो तो पेशीच्या आत, आणि पेशीचे घर म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. तिचे स्निग्ध आवरण जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे. आपला केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास, यावरून कल्पना यावी. तरीही प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंना हे आवरण सहजी आत घेत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी औषध पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत भरायला सुरुवात केली. त्यांतला एक प्रसिद्ध पॉलिमर म्हणजे पीएलजीए. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके याच कुळातले. शरीरात हळूहळू त्याची साधी आम्ले होतात आणि शरीर त्यांची विल्हेवाट लावते. शे-दोनशे नॅनोमीटरचा असा कण औषध सांभाळून नेतो, थोडेथोडे सोडतो. पण पेशीच्या दाराशी तोही परकाच!

पूर्वी बँकेत खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. कणाला तशी सही देणारा भेटला तो पेप्टाइडच्या रूपाने. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड माळ. हीच माळ लांबली की तिला आपण प्रथिन म्हणतो. गंमत अशी की, ही युक्ती माणसाला शिकवली ती एड्सच्या विषाणूने. त्याचे ‘टॅट’ नावाचे प्रथिन बाहेरून थेट पेशीत शिरते, असे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना स्वतंत्रपणे आढळले. पुढे कळले की, त्यासाठी सबंध प्रथिनाची गरजच नाही. दहा मण्यांचा एक तुकडा पुरतो. १९९४ मध्ये पॅरिसच्या आलँ प्रोशियाँत्स यांच्या गटाने फळमाशीच्या एका प्रथिनातून सोळा मण्यांची अशीच माळ दाखवून दिली.

‘टॅट’च्या त्या दहा मण्यांपैकी आठ धनभारित, तर पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित. साहजिकच दोघे एकमेकांना ओढतात. कणाच्या पृष्ठभागावरचा आम्लगट आणि पेप्टाइडचा अमाइन गट जोडला की कणावर अशा माळांचे रोम उभे राहतात. प्रथिनातले मणी एकमेकांना जोडणारा बंधही याच जातीचा.

मग घोडे अडले कुठे? एक तर पेशी अशा कणाला बहुधा आवरणाच्याच घडीत गुंडाळून, थैली करून आत ओढते. म्हणजे पाहुणा घरात आला खरा, पण ओसरीवरच कोंडला गेला. त्या थैलीत आम्लता वाढत जाते आणि आतला ऐवज बऱ्याचदा तिथेच पचून जातो.

दुसरी अडचण अधिक गंभीर. हे पेप्टाइड निरोगी पेशी आणि रोगी पेशी असा भेद करत नाही. येईल त्याच्या अर्जावर सही ठोकणाऱ्या खातेदाराच्या सहीला काय किंमत? कर्करोगावरच्या औषधांनी केस गळतात, तोंड येते, ते औषध निरोगी पेशींनाही गाठते म्हणूनच. दार उघडणारी किल्ली प्रत्येक दाराला लागू लागली, तर हा त्रास वाढायचाच.

यावर रॉजर त्सिएन (हेच पुढे २००८ चे नोबेल विजेते) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नामी तोड सुचवली. धनभारित माळेला ऋणभारित माळ जोडून तिचे तोंड बांधायचे. मधला दुवा मात्र असा, की गाठीभोवती जास्त प्रमाणात असलेल्या विकरांनीच तो तुटावा. बँकेतल्या लॉकरसारखीच ही व्यवस्था: एक किल्ली आपली, दुसरी तिथली. दोन्ही फिरल्याशिवाय कप्पा उघडत नाही.

वाट अजून लांब आहे. टोरंटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यमान निघाले ०.७ टक्के. शंभर रुपये पाठवावेत आणि पत्त्यावर सत्तर पैसे मिळावेत, असा हा व्यवहार! उरलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच अडवतात. पेप्टाइड दारात ओळख देईल. पण दारापर्यंत पोचायला तर हवे.

तेव्हा ‘औषध थेट पेशीत शिरले’ अशी बातमी वाचाल, तेव्हा आनंद जरूर माना. पण त्याबरोबर दोन प्रश्नही विचारा: कोणत्या पेशीत, आणि शंभरातले किती?