मांजराचे रक्त का साखळत नाही?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. जेथे भात तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम ओघानेच येतो. अशा घरातील मांजराच्या हिरड्यांतून रक्त पाझरू लागले, तर त्याची कारणे मुख्यतः दोन असू शकतात.

पहिले कारण म्हणजे विष. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातील द्रव्याच्या संशोधनातूनच पुढे वॉरफरीन हे उंदरांचे विष निर्माण झाले. यकृत के-जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त साखळविणारे चार घटक तयार करते. वॉरफरीन, ब्रोमॅडिओलोन यांसारखी विषे नेमकी हीच क्रिया रोखतात. आधीचे घटक संपेपर्यंत विषारी उंदीर खाल्लेले मांजर धडधाकट दिसते. नंतर छातीत किंवा पोटात रक्तस्राव होऊन ते धापा टाकू लागते.

दुसरे कारण शरीरातच असते. रोगजंतूंशी लढणारे प्रतिपिंड स्वतःच्याच बिंबाणूंवर उलटतात व त्यांचा नाश करतात. अशा वेळी हिरड्यांवर व कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उमटतात. हा विकार मांजरांत कुत्र्यांपेक्षा विरळ आढळतो. पुष्कळदा त्याच्या मुळाशी विषाणुसंसर्ग, अर्बुद किंवा एखादे औषध असते.

लक्षणे सारखी दिसली तरी उपचार मात्र भिन्न आहेत. विषबाधेवर के-जीवनसत्त्व कित्येक आठवडे द्यावे लागते. स्वयंप्रतिरक्षा विकारात त्याचा उपयोग नाही. तेथे प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारी प्रेडनिसोलोनसारखी औषधे लागतात, आणि ती विषावर निष्प्रभ ठरतात. म्हणून रक्त साखळण्यास लागणारा वेळ मोजणे व बिंबाणूंची गणना करणे अगत्याचे ठरते. यातही एक मेख आहे. मांजराचे बिंबाणू परीक्षानळीत सहज एकमेकांस चिकटतात, आणि यंत्र त्यांची संख्या फसवी व कमी दाखविते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून निदान पक्के होत नाही.

अशी विद्या शिकविणारे पशुवैद्यकीय महाविद्यालय तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे २०१२ साली स्थापन झाले. परंतु विषबाधेपुरता याहून सोपा उपाय याच मातीतला आहे. बांबूचा धनुष्याकृती सापळा 'तंजावर किट्टी' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याने उंदीर मरतो, पण तो खाणाऱ्या मांजराच्या पोटात विष जात नाही.