ज्याच्याकडे बघावं तेच दिसेनासं

या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि ती न हलवता ओळीच्या टोकाचा शब्द वाचून बघा. जमणार नाही. डोळ्याचा पडदा प्रशस्त असला, तरी बारीक बघण्याचं काम मधल्या जेमतेम साडेपाच मिलिमीटरच्या ठिपक्यावर, मॅक्युलावर, चालतं. अक्षर ओळखायला तर त्यातही मधला छोटासा खळगाच कामाला येतो.

इथल्या प्रकाशपेशी रोज आपली टोकं झिजवून टाकतात आणि खालच्या थरातल्या पेशी तो कचरा गिळून पचवतात. साधारण दहा दिवसांत टोक संपूर्ण नवं होतं! पण या सफाईवाल्या पेशींची नवी भरती जवळजवळ होतच नाही. जन्मतः मिळालेल्या पेशींनीच सत्तर-ऐंशी वर्षं रेटायची. उतारवयात कचरा उरू लागतो, पिवळट ठिपके साचतात. तेव्हाही तक्त्यावरची अक्षरं नीट वाचता येतात. तक्रार असलीच तर एवढीच, की उन्हातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर डोळे सरावायला फार वेळ लागतो.

पुढे बहुतेकांत मॅक्युलाचा हा आजार कोरडाच राहतो, म्हणजे आत काही पाझरत नाही. सफाईवाल्या पेशी मरतात, त्यांच्यामागून प्रकाशपेशीही, आणि वर्षानुवर्षं चट्टे पसरत जातात. गंमत म्हणा की क्रूरपणा, पुष्कळदा मधला खळगा शेवटपर्यंत तग धरतो. मग सुटं अक्षर दिसतं, पण शब्द हाती लागत नाही.

दहा-पंधरा टक्क्यांत मात्र खालून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या घुसतात, पाझरतात आणि पडदा उचलतात. दाराची चौकट वाकडी दिसू लागते. उपचार न झाल्यास काही महिन्यांतच व्रण धरू लागतो. या वाहिन्या रोखणाऱ्या, डोळ्यात टोचायच्या औषधाच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मरिना’ चाचणीत खोटं इंजेक्शन मिळालेल्यांनी वर्षभरात तक्त्यावरची सरासरी दहा अक्षरं गमावली. खरं औषध मिळालेल्यांनी सात कमावली.

एवढं होऊनही माणूस डॉक्टरकडे उशिरा का येतो? कारण नजरेतलं भोक काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं ओढून तिथे भर घालतो, आणि एक डोळा बरा असेल तर तो दुसऱ्याची उणीव झाकतो. म्हणूनच ॲम्सलरचा दहा सेंटिमीटरचा चौकटींचा कागद एका वेळी एकच डोळा उघडा ठेवून बघायचा असतो. रेघ वाकडी दिसली की त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

कधी मेंदू भर घालताना अतीच करतो. १७६० मध्ये निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी, दृष्टी मंदावलेल्या आपल्या आजोबांना माणसं, पक्षी, गाड्या दिसत असल्याचं लिहून ठेवलं. डोकं मात्र ठणठणीत होतं! मॅक्युलाच्या रुग्णांनाही असं काही दिसतं, आणि वेडात काढतील या भीतीने ते घरात कुणाला सांगत नाहीत.

कडेची नजर सहसा शाबूत राहते, त्यामुळे घरात वावरता येतं. नातवाचा चेहरा बघायचा तर आजी त्याच्या कानाकडे बघतात: मेंदूने पडद्यावरची दुसरी जागा नेमलेली असते. तिथे बारीक टाइप लागत नाही, पण पेपरचा मथळा वाचता येतो.